न बोलणाऱ्या मुलाचं संवादाचं साधन जप्त करू नका

प्रति,
राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांचे मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समित्या,
तसेच प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाधिकारी

विषय: ऑटिस्टिक मुलांचे संवादाचे टॅबलेट, चित्रवह्या आणि फलक शाळेत वापरू देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

शाळा उघडताना पालकांच्या हातात नियमांचं पत्रक येतं. 'मोबाईल, टॅबलेट, स्मार्टवॉच आणण्यास सक्त मनाई, आढळल्यास जप्त' अशा अर्थाचं एक कलम त्यात हमखास असतं. त्या कलमाशी आमचं भांडण नाही. वर्गात मोबाईल नकोच. पण त्याच कलमावर बोट ठेवून काही शाळा ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या, तोंडाने बोलू न शकणाऱ्या मुलाचा बोलणारा टॅबलेटही, म्हणजे चित्रावर बोट ठेवलं की तो शब्द मोठ्याने म्हणणारं साधनही, सकाळी ऑफिसच्या कपाटात ठेवतात आणि शाळा सुटल्यावर परत देतात. काही वर्गांत तर साधी चित्रांची वहीसुद्धा 'बाकीच्यांचं लक्ष जातं' म्हणून दप्तरात ठेवायला लावली जाते. मग शाळेच्या पाच-सहा तासांत त्या मुलाला 'नको', 'दुखतंय', 'शू लागली', 'हे पुन्हा कर' यातलं काहीही सांगायची सोय उरत नाही.

हे पत्र लिहिणाऱ्यांत स्पीच थेरपिस्ट आहेत, विशेष शिक्षक आहेत, पालक आहेत. आमचा संबंध सरळ आहे. घरी आणि थेरपीत महिनोन्‌महिने खपून बसवलेली सवय शाळेत रोज मोडली जाते. ती पुन्हा बसवायचं काम आमच्याकडे येतं आणि तोवर गेलेला वेळ मुलाच्या खात्यातून जातो.

आधी बंदीमागच्या समजुतीबद्दल. 'चित्रं किंवा यंत्र हाताशी असलं की मूल आळसावतं, बोलायचा प्रयत्नच सोडतं.' ऐकताना पटतं, म्हणूनच ती इतकी टिकून आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासून 2006 मध्ये आढावा प्रसिद्ध केला. ज्या व्यक्तींबद्दल भरवशाची माहिती होती, त्यांपैकी एकाचंही बोलणं चित्रांमुळे, खुणांमुळे किंवा यंत्रामुळे कमी झालेलं नव्हतं. बहुतेकांचं ते वाढलं होतं, थोडं का होईना. 2014 मध्ये कॅसारी आणि सहकाऱ्यांनी 5 ते 8 वर्षांच्या, जेमतेम काही शब्द येणाऱ्या 61 ऑटिस्टिक मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या गटाला उपचारासोबत पहिल्यापासून बोलणारं यंत्रही दिलं होतं, त्या मुलांचा आपणहून संवाद साधण्याचा वेग दुसऱ्या गटापेक्षा जास्त होता.

असं का होतं, तेही समजण्यासारखं आहे. यंत्र एकच शब्द दर वेळी त्याच आवाजात, त्याच लयीत ऐकवतं. चित्र डोळ्यांसमोर थांबून राहतं, तोंडचा शब्द हवेत विरतो. आणि मुख्य म्हणजे, शब्द वापरला की समोरचा माणूस काहीतरी करतो, हा अनुभव मुलाला पहिल्यांदा येतो. बोलण्याची गरज तिथून उगवते. 'बोल, बोल' म्हणून ती उगवत नाही.

'पाचव्या वर्षापर्यंत बोलला नाही, आता काय बोलणार' हेही आम्हाला शाळांमधून ऐकू येतं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, चार वर्षांचे असताना भाषेत खूप मागे असलेली 535 ऑटिस्टिक मुलं पाहिली गेली. त्यातली 70 टक्के मुलं पुढे निदान दोन-तीन शब्दांची जुळणी करून बोलू लागली आणि 47 टक्के सफाईदार बोलू लागली. उरलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी चित्र, लेखन किंवा यंत्र हीच कदाचित आयुष्यभराची भाषा. कुठलं मूल कोणत्या बाजूला जाणार, हे पहिलीच्या वर्गात कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे साधन आज द्यायचं की नाही, हा प्रश्न पडायचं कारणच नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या यादीत ऑटिझम आहे. कलम 2 मधल्या 'संवाद' या व्याख्येत पर्यायी आणि पूरक, म्हणजे बोलण्याऐवजी किंवा बोलण्यासोबत वापरायच्या संवादपद्धती स्पष्ट लिहिलेल्या आहेत. कलम 17 (फ) नुसार बोलण्यात अडचण असलेल्यांसाठी अशा पद्धतींना चालना देणं हे सरकारचं आणि स्थानिक प्रशासनाचं काम आहे. आणि कलम 92 मध्ये, दिव्यांग व्यक्तीच्या सहाय्यक साधनाच्या वापरात जाणूनबुजून अडथळा आणणं हा सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. हे धमकी म्हणून लिहीत नाही. कपाटाला कुलूप लावणाऱ्या लिपिकाला याची कल्पना नसते आणि ती त्याला देणं मुख्याध्यापकांचं काम आहे. श्रवणयंत्रही इलेक्ट्रॉनिकच असतं. ते कोणी जप्त करत नाही.

आता शाळांबद्दलच्या आमच्या तक्रारी, एकेक करून.

पहिली अर्थातच टॅबलेटची. 'मूल त्यावर कार्टून बघेल, गेम खेळेल, फोटो काढेल' ही तुमची भीती रास्त आहे आणि तिच्यावरचा उपाय फोनमध्येच असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या सुरक्षा विभागात 'अ‍ॅप पिनिंग' सुरू करायचं आणि 'सोडवताना पिन विचारा' हा पर्यायही चालू करायचा. मग संवादाचं अ‍ॅप उघडून पिन केलं की दुसरं काही उघडत नाही. आयपॅडवर अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये 'गायडेड अ‍ॅक्सेस' असतो. तो एकदा चालू करून ठेवला की अ‍ॅप उघडल्यावर वरचं किंवा होमचं बटण लागोपाठ तीनदा दाबलं की तेच काम होतं. सिमकार्ड काढा, वायफाय बंद ठेवा. एकदा उतरवून घेतल्यावर यातली बहुतेक अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' मोफत आहे आणि मराठीतही आहे. चेन्नईत तयार झालेलं 'आवाज'ही बऱ्याच घरांत वापरलं जातं. एक गोष्ट पालकांनी घरूनच करून द्यावी: फोनमध्ये मराठी आवाज वेगळा उतरवून घ्यावा. नाहीतर यंत्र मराठी शब्द भलत्याच सुरात वाचतं आणि वर्गात हसं होतं, यंत्राचं आणि पर्यायाने मुलाचं.

आवाज शेजारच्या दोन बाकांना ऐकू जाईल इतका ठेवा. तो पार बंद करू नका, कारण न ऐकू येणारं बोलणं बोलण्यात जमा होत नाही. आणि बॅटरी कधीतरी उतरणारच. म्हणून अ‍ॅपच्या मुख्य पानाचा स्क्रीनशॉट ए-फोर कागदावर रंगीत छापून, लॅमिनेट करून दप्तरात ठेवायचा. चौकटींची जागा हुबेहूब तीच राहते, त्यामुळे मुलाचं बोट चुकत नाही.

दुसरी तक्रार याहून जास्त खुपते: शिक्षा म्हणून साधन काढून घेणं. नवीन टॅबलेट मिळालेलं मूल बराच काळ एकच बटण दाबत बसतं. 'आईस्क्रीम, आईस्क्रीम, आईस्क्रीम.' वर्ग हसतो, बाई वैतागतात, टॅबलेट टेबलावर पालथा पडतो. तान्हं बाळ 'बाबाबा' करतं तेव्हा त्याचं तोंड कोणी दाबत नाही. हा तसलाच टप्पा आहे, बटण दाबल्यावर काय होतं ते मूल पडताळून बघतं आहे. एकदा सरळ उत्तर द्या: 'आईस्क्रीम पाहिजे. आत्ता नाही. आत्ता रंग.' बोलता बोलता तुम्हीही त्याच टॅबलेटवर 'नाही' आणि 'रंग' दाबा. पुढच्या वेळी नुसती मान हलवा आणि काम पुढे चालू ठेवा. काही आठवड्यांत नवल ओसरतं.

तिसरी तक्रार तीन चित्रांच्या फलकाबद्दल. शाळेला खूप समजावल्यावर वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लागतो: पाणी, शू, डबा. तोही मोठ्यांच्या उंचीवर, दाराजवळ. महिन्याभराने शाळा सांगते, 'तो वापरतच नाही.' कसा वापरेल? पाण्याची बाटली त्याच्या बाकावरच असते, ती तो स्वतः उचलतो. शूला जायची वेळ ठरलेली असते. डबा घंटा झाल्यावर उघडतो. म्हणजे फलकावर आहेत त्या तिन्ही गोष्टी त्याला न मागता मिळतात. ज्यासाठी माणूस बोलतो, ते मात्र त्यावर नाही: नको, आणखी, थांब, संपलं, मदत, बघ, दे, जाऊ या, आवडलं, दुखतंय, तू, मी, काय, कुठे. हे शब्द डब्याच्या वेळी, रंगकामात, मैदानावर, रांगेत, सगळीकडे लागतात. पहिल्या फलकावर असे बारा ते वीस शब्द असू द्या. 'पाच चित्रं ओळखली की सहावं देऊ' हा हिशेब चालत नाही. बोलणाऱ्या बाळाला आपण शब्द मोजून ऐकवत नाही.

वही करायची तर ती अशी. चित्र साधारण 5 सेंटिमीटर चौरस, खाली ठळक अक्षरांत शब्द, म्हणजे वाचणाऱ्या मोठ्यांमध्येही एकमत राहतं. लॅमिनेशन शक्यतो मॅट घ्या. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि खाली बसलेल्या मुलाला नुसता पांढरा पट्टा दिसतो. कोपरे गोल कापा, टोकदार लॅमिनेशन गालाला लागतं आणि चघळणारी मुलं पुष्कळ असतात. काढून हातात द्यायची चित्रं असतील तर वेल्क्रोची मऊ बाजू सगळ्या चित्रांना आणि खरखरीत बाजू सगळ्या पानांना लावायची. यात गल्लत झाली की एका वहीची चित्रं दुसऱ्या वहीत चिकटत नाहीत. प्रत्येक चित्राच्या दोन प्रती जास्त काढून ठेवा, कारण आवडत्या गोष्टीचं चित्र सगळ्यात आधी हरवतं. आणि एकदा ठरलेली जागा बदलू नका. 'नको' डावीकडे खाली असेल तर वर्षभर तिथेच. मुलाचं बोट ती जागा शिकतं, चित्र दर वेळी शोधत बसत नाही. वर्गाचं सुशोभन म्हणून दर महिन्याला फलक नव्याने मांडणाऱ्या उत्साही शिक्षकांना हात जोडून विनंती, एवढं करू नका.

मराठी फलकाचा एक खास घोळ: 'आंबा हवा, पोळी हवी, पाणी हवं'. तीन रूपांसाठी तीन चौकटी करण्यापेक्षा सुरुवातीला 'पाहिजे' ठेवा, ते तिन्हीला चालतं. लिंगाप्रमाणे रूपं बदलायचं काम मोठ्यांनी तोंडाने करत राहावं, मूल ते ऐकून घेतं.

फलक करून तो मुलापुढे ठेवला की काम झालं, असं मात्र नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. फलकावर आधी बोट ठेवायचं ते मोठ्यांनी. रंगकाम चालू आहे, बाई म्हणतात, 'आणखी लाल लावू या,' आणि बोलताना 'आणखी' या चित्रावर बोट टेकवतात. मूल खिडकीकडे बघत असलं तरी चालेल. 'आता तू दाखव' म्हणायचं नाही, त्याचा हात धरून चित्रावर न्यायचा नाही. झाकण उघडत नाही, 'मदत' दाखवा. खडू तुटला, 'अरेरे' दाखवा. घंटा झाली, 'संपलं' दाखवा. प्रत्येक शब्द दाखवायची गरज नाही, वाक्यातला एखादा महत्त्वाचा पुरे. दिवसभरात असं जमेल तितकं करत राहायचं आणि उत्तराची वाट न पाहता करायचं. काही मुलं आठवड्यांत प्रतिसाद देतात, काहींना वर्ष लागतं. 'पंधरा दिवस करून पाहिलं, उपयोग नाही' हा शेरा इतक्या ठिकाणी दिसतो की तो छापील असावा अशी शंका येते.

चित्र हातात देऊन मागायला शिकवायची वेगळी, पायरीपायरीने जाणारी पद्धत आहे. पेक्स नावाने ती ओळखली जाते, बॉन्डी आणि फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये ती अमेरिकेत सुरू केली, आणि तिच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर आवडती वस्तू घेऊन बसतं, दुसरं मुलाच्या मागे. मुलाने वस्तूकडे हात नेला की मागचा माणूस न बोलता तोच हात चित्राकडे वळवतो आणि चित्र समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करतो. समोरचा लगेच वस्तू देतो आणि तिचं नाव घेतो. मागच्याची मदत हळूहळू काढून घ्यायची. शाळांमध्ये हेच एकट्या शॅडो टीचरकडून, म्हणजे मुलासोबत वर्गात बसणाऱ्या मदतनिसाकडून, समोर बसून करवलं जातं, तेही 'काय पाहिजे? सांग, काय पाहिजे?' असं विचारत. मग मूल विचारल्याशिवाय मागायचं शिकत नाही, आणि आपणहून सुरुवात करणं हा त्या पायरीचा सगळा हेतूच निघून जातो. माणूस एकच असेल तर ही पद्धत अर्धीमुर्धी करण्यापेक्षा वर सांगितल्याप्रमाणे फलक दाखवत बोलणं बरं.

हात धरण्याबद्दल एक इशाराही द्यायला हवा, आमच्याच क्षेत्रातल्यांना. मुलाचं मनगट किंवा कोपर धरून अक्षरांवर फिरवायचं आणि निघालेली वाक्यं मुलाची म्हणून सांगायची, असली पद्धत कोणी तुमच्याकडे घेऊन आलं तर नाही म्हणा. ती वाक्यं हात धरणाऱ्याची असतात, हे चाचण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने 2018 मध्ये तिच्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. मूल कोणाच्या स्पर्शाशिवाय स्वतः दाखवतं, तेवढंच त्याचं बोलणं.

चौथी तक्रार डब्याची. 'उघड म्हण, मग उघडते.' मूल डबा पुढे करतं, बाईंचा हात झाकणावर नेतं, रडतं. तोवर सुट्टी संपते. इथे दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. संवादाची संधी तयार करणं हे योग्य तंत्र आहे: फुग्याच्या साबणाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून देणं, झोका मध्येच थांबवून वाट बघणं, कोडं जुळवताना एक तुकडा आपल्याकडे ठेवणं. पण ते खेळात करायचं. थोडं थांबायचं, फलकावर 'मदत' दाखवायचं, आणि मुलाने काही केलं किंवा नाही केलं तरी द्यायचं. जेवण, पाणी, संडास, औषध आणि दुखणं या पाच ठिकाणी ते कधीही करायचं नाही. ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं हेही त्याच कलम 92 मध्ये आहे. शिवाय झाकणावर तुमचा हात नेणं म्हणजेच त्याने 'उघड' म्हटलेलं आहे.

पाचवी, प्रश्नांचा भडिमार. 'हे काय? कोणता रंग? सांग ना. काल तर सांगितलं होतंस.' एक प्रश्न मुलाच्या डोक्यात पोहोचून उत्तराची जुळवाजुळव होते न होते तोच दुसरा येऊन पडतो आणि सगळं पहिल्यापासून. एकदा बोला, मग मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजा, चेहरा प्रसन्न ठेवून. हे दहा आकडे फार लांब वाटतात, वाटू द्या. प्रश्नांपेक्षा साधी विधानं जास्त ठेवा: 'गाडी पडली.' 'ओलं झालं.' काही मुलं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतात. पाणी हवं असलं की 'पाणी पाहिजे का?' असं म्हणतात. त्याला पोपटपंची म्हणून गप्प करू नका, ते मागणं आहे. पाणी द्या आणि त्याच्या तोंडी शोभेल असं म्हणा: 'पाणी पाहिजे.'

सहावी, 'नको'ची किंमत. मूल 'नको' दाखवतं आणि आपण 'असं नाही म्हणायचं' म्हणून पुढे रेटतो. शब्दाने काम झालं नाही की पुढे चावा आहे, ढकलणं आहे, टेबलाखाली जाणं आहे, आणि त्यावर शाळेचं पत्र घरी येतं की वर्तन सुधारेपर्यंत आणू नका. असं पत्र काढण्याआधी पंधरा दिवस एक साधी नोंद ठेवा: घटनेच्या लगेच आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. बहुतेक वेळा त्या नोंदीतच दिसतं की 'नको', 'थांब' किंवा 'आवाज फार आहे' हे सांगायची वाट बंद होती. प्रत्येक 'नको' मान्य करता येणार नाही, ठीक आहे. पण 'नको म्हणालास, कळलं. अजून एक ओळ, मग संपलं' एवढं तरी म्हणता येतं, आणि एका ओळीनंतर खरंच संपवता येतं. अचानक सुरू झालेल्या चावण्यामागे किडलेला दात किंवा ठणकणारा कानही असतो, तेही बघायला सांगा. आणि न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी झाली आहे ना, याची खात्री प्रवेशाच्या वेळीच करून घ्या. 'हाक मारली की बघतो' हा पुरावा नव्हे.

सातवी: 'घरी इंग्रजीच बोला, नाहीतर मूल गोंधळतं.' हा सल्ला बंद करा. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिस्टिक मुलाची भाषा मागे पडते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट आईला अडखळत बोलावं लागतं आणि आजी तर गप्पच होते. घरात मराठी असेल तर मराठी, सोलापुरात तेलुगू असेल तर तेलुगू, मेळघाटात कोरकू असेल तर कोरकू. फलकावर शाळेचा शब्द आणि घरचा शब्द, दोन ओळींत लिहिता येतात.

जिभेचे व्यायाम, मेणबत्त्या फुंकणं, शिट्ट्या वाजवणं यांवर वर्गाचा वेळ घालवू नका, एवढंच म्हणून पुढे जातो. फुंकर सुधारते, शब्द येत नाहीत.

आमच्या मागण्या अशा आहेत.

नियमपत्रकातल्या बंदीच्या कलमाखाली हे वाक्य छापा: 'दिव्यांग विद्यार्थ्याचे संवादाचे साधन (टॅबलेट, फोन, चित्रवही, फलक) या बंदीतून वगळले आहे. ते दिवसभर विद्यार्थ्याच्या हाताशी राहील व शिक्षा म्हणून काढून घेतले जाणार नाही.' साधनावर मुलाचं नाव आणि 'हा माझा आवाज आहे' असं लिहिलेलं स्टिकर लावायची जबाबदारी पालकांची.

हाताशी म्हणजे हाताशी. वर्गात, मैदानात, डब्याच्या जागी, संगणककक्षात, बसमध्ये. टॅबलेटला पट्टा लावून तो खांद्यावर अडकवता येतो, आणि मैदानासाठी कागदी फलक गळ्यात किंवा कंबरेला. साधन शॅडो टीचरच्या पिशवीत राहणार असेल तर ते मागायला मुलाला आधी बोलावं लागेल.

अशा प्रत्येक मुलासाठी एका पानाचं माहितीपत्रक पालकांकडून घ्या: तो 'हो' आणि 'नको' कसं सांगतो, दुखलं की काय करतो, काय आवडतं, कशाने घाबरतो, साधन कसं चालू करायचं. ते बदली शिक्षकालाही मिळालं पाहिजे.

तोंडी परीक्षा बोट ठेवून, चित्र निवडून किंवा टाइप करून देता आली पाहिजे. कविता पाठ म्हणता येत नाही म्हणून शून्य गुण देऊ नका. चार चित्रांतून कवितेतलं पाखरू त्याने दाखवलं तर त्याला कविता आली.

वर्षातून एकदा अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण ठेवा, फक्त वर्गशिक्षकांचं नव्हे, तर सफाईच्या मावशी, बसमधल्या ताई आणि खेळाचे सर यांचंही. ते घ्यायला आमच्यातले लोक विनामूल्य येतील.

शिक्षणाधिकाऱ्यांकडे तीन मागण्या. संवादाची साधनं बंदीत येत नाहीत असं परिपत्रक सर्व व्यवस्थापनांच्या शाळांना काढा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर केंद्राने प्राथमिक स्तरावर 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिकला 15 मागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं आहे. तुमच्या जिल्ह्यात ते प्रत्यक्षात किती आहे, ते तालुकावार जाहीर करा. आणि ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा जो 5 टक्के निधी आहे, त्यातून टॅबलेट आणि चित्रवह्या घेता याव्यात म्हणून स्थानिक संस्थांशी पत्रव्यवहार करा. लॅमिनेशनसकट एक चांगली चित्रवही काही शे रुपयांत होते, निधी नाही हे उत्तर तिला लागू पडत नाही.

या पत्राला लेखी उत्तर द्यावं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शाळांचे नियम बदलले नाहीत, तर आम्ही पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे शाळानिहाय अर्ज करू.

आणि पत्रक बदललंत की त्याची एक प्रत फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला वाचून दाखवा. टॅबलेट सगळ्यात आधी तिथेच अडवला जातो.

आपले,
राज्यातील काही स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि पालक